चोवीस पॉवरचा मोह

"नमस्कार सर,

पन्नाशी ओलांडल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मी नेमबाजी सुरू केली. पॉइंट टू-टूची बोल्ट रायफल आहे. बहुतेक वेळा ५० मीटरवर कागदावर मारते, अधूनमधून १०० मीटरच्या लेनवर जाते. आतापर्यंत उघड्या साइटवर भागलं, पण हल्ली मागची खाच धूसर, पुढचा दांडा जेमतेम आणि टार्गेट म्हणजे नुसता काळा डाग, असं झालंय. चष्मा आहेच. म्हणून मधल्या किमतीचा, पॉवर कमी-जास्त करता येणारा स्कोप घ्यायचं ठरवलंय. तीन मॉडेलं काढून ठेवली आहेत, तिघांची किंमत जवळपास सारखीच. एक साधा ३-९×४०, म्हणजे ३ ते ९ पॉवर आणि ४० मिलिमीटरचं पुढचं भिंग. दुसरा ४-१६×४४, फर्स्ट फोकल प्लेनचा, बाजूला फोकसची चकती असलेला. तिसरा ६-२४×५०, त्यात लाल-हिरवा दिवाही आहे. रेंजवरचे सगळे म्हणतात, त्याच पैशात २४ मिळत असताना ९ कशाला? भाच्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे. तोच स्कोप कधी तिच्यावरही लावता येईल असं मनात आहे. काय घेऊ?

— एक डोळा मिटलेली"

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: तिघांची किंमत जवळपास सारखीच. खरं तर घोडं तिथेच पेंड खातं.

स्कोप म्हणजे नळीत नळी. बाहेरची जाड नळी आपल्याला दिसते. तिच्या आत एक बारीक नळी असते आणि तिच्यात उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं असतात. पॉवरची रिंग फिरवली की ती भिंगं खाचेतून पुढे-मागे सरकतात. टरेट, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायची घुंडी, फिरवला की त्याचा स्क्रू ही आतली नळी ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. हे सगळं केसाइतकंही न हलता, हजारो धक्के खाऊन जागच्या जागी राहायला हवं. कारखानदाराच्या हातात त्या किमतीत ठराविकच पैसे असतात. त्यातून त्याने २४ पॉवर काढली, मोठं भिंग घातलं, फोकसची चकती दिली, वर दिवा आणि बॅटरीचा कप्पा बसवला, तर हे पैसे आले कुठून? काचेतून आणि त्या आतल्या स्प्रिंग-स्क्रूतून. साध्या ३-९ मध्ये दाखवायला काहीच नसतं, म्हणून बऱ्याचदा त्याच पैशात काच चांगली मिळते. महागड्या स्कोपमध्ये २४ पॉवर उत्तम असते, त्याबद्दल वाद नाही. पण मधल्या दरात फिचरची यादी जितकी लांब, तितका माझा संशय वाढतो.

हे मी शहाणपणाने नाही, ठेच खाऊन सांगतोय. माझा पहिला स्कोप ६-२४×५०च होता. दुकानाच्या दिव्यात २४ पॉवरला समोरच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाची बारीक अक्षरं वाचली आणि हरखून घरी आणला. रेंजवर सकाळी अकराच्या उन्हात १०० मीटरवर लावला, तर टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलत होतं. जमिनीवरून वर चढणारी गरम हवा २४ पट मोठी होऊन दिसत होती. त्यात माझी नाडीही दिसत होती. दर ठोक्याला क्रॉस, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, एक हिसका खायचा आणि मी तो हिसका टाळून चाप ओढायच्या नादात श्वास कोंडून बसायचो. तासाभरात १६वर आणलं, दुपारपर्यंत १२वर. पुढची तीन वर्षं तो स्कोप १०-१२च्या वर गेला नाही. उरलेल्या पॉवरचं वजन मात्र मी रोज वाहिलं.

तुम्हाला किती पॉवर लागते, याचा हिशोब करून बघू. पॉइंट टू-टूचं भोक साधारण साडेपाच मिलिमीटरचं. चांगल्या डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, एवढा तपशील कसाबसा वेगळा दिसतो. ५० मीटरवर ते भोक जेमतेम ०.४ मिनिट भरतं, म्हणून नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ९ पॉवरला तेच साडेतीन मिनिटांचं होतं आणि पांढऱ्या कागदावर आरामात दिसतं. १०० मीटरवर ९ पॉवरला ते पावणेदोन मिनिटांवर येतं. दिसेल, पण डोळे ताणून. काळ्यात पडलेलं भोक तर विसराच. १२ पॉवरला सव्वादोन, १६ला तीन. म्हणजे ५० मीटरसाठी ९ पुरे, १०० साठी १२ ते १६. त्यापुढची पॉवर तुमच्या अंतरांवर नेमाला काही देत नाही. भोकं मोजायचीच असतील तर बाजूला स्टँडवर स्पॉटिंग स्कोप ठेवा, ते काम त्याचं आहे.

आता तुमच्या डोळ्याबद्दल. उघड्या साइटवर डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरं सांभाळायची असतात: खाच, दांडा आणि टार्गेट. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि ही कसरत जमेनाशी होते. स्कोप क्रॉस आणि टार्गेट एकाच पातळीवर आणून ठेवतो. तुमच्या बाबतीत त्याचा खरा फायदा हा आहे, मोठं दिसणं त्यानंतरचं. ३ पॉवरचा स्कोपसुद्धा तुमची निम्मी तक्रार मिटवेल.

पण त्याबरोबर एक अट येते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास मिळतो. ४०ला ९ने भागा, ४.४ मिलिमीटर. ४४ला १६ने, २.७५. ५०ला २४ने, जेमतेम २.१. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते, त्यामुळे उजेड पुरतो. अडचण जागेची होते. २.१ मिलिमीटरच्या चकतीवर बाहुली नेमकी आणून ठेवायची म्हणजे गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी हवा. जरा हललात की कडेने काळी कोर सरकत येते. ४.४ला डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र तुटत नाही. संध्याकाळी बाहुली मोठी होते तेव्हा तर २४ पॉवरला चित्र उघडउघड काळवंडतं. रेंजवरच्या मंडळींना हे विचारून बघा की त्यांच्या स्कोपची रिंग शेवटची २४वर कधी गेली होती.

यापुढचा मुद्दा नीट वाचा, कारण पॉइंट टू-टूवाल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. पॅरॅलॅक्स.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा. बोल्ट काढलेला, चेंबर रिकामं आहे हे दोनदा पाहिलेलं. क्रॉस टार्गेटच्या मधोमध आणा, हात काढून घ्या आणि रायफलीला न शिवता डोकं अगदी सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे करा. क्रॉस काळ्यावरून सरकताना दिसला तर टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉस एका पातळीवर नाहीत. म्हणजे रायफल हललेली नसतानाही तुमचा नेम डोळ्याच्या जागेवर अवलंबून आहे.

साध्या ३-९×४० मध्ये हे बहुधा १०० यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी, कारखान्यातच कायमचं बांधलेलं असतं. कारण तो मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनवलेला असतो. तो ५० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर ४० मिलिमीटरच्या भिंगात चूक ९ मिलिमीटरपर्यंत जाते. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. (त्या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही, पण सरावाला बहुतेकांच्या हाती कागद तोच असतो.) म्हणजे तुमचं काहीही न चुकता एक गुण गेला. तुम्ही मात्र चाप नीट ओढला नाही म्हणून स्वतःला बोल लावत बसणार. बरं, गाल रोज त्याच जागी ठेवणाऱ्याला ही चूक दिसतही नाही. दोन वर्षांच्या सरावात तो गाल अजून बसलेला नसतो, म्हणून तुमच्यासाठी ती महत्त्वाची.

त्यामुळे तुमच्या यादीतला ३-९×४० घ्यायचा तर ५० यार्डांना बांधलेला, रिमफायरसाठीचा, म्हणजे तुमच्या पॉइंट टू-टूसारख्या रायफलींसाठीचा, आहे का, हे विचारूनच. मात्र त्याला १०० मीटरवर उलटा त्रास होईल. तुम्ही दोन्ही अंतरांवर मारता, म्हणून पॅरॅलॅक्स फिरवता येणारा स्कोप हवा. चकती बाजूला असो नाहीतर पुढच्या भिंगाभोवतीची रिंग असो, काम एकच. पुढची रिंग फिरवायला बैठक मोडावी लागते हे खरं, पण तिची रचना साधी, म्हणून मधल्या दरात मला ती जास्त भरवशाची वाटते. चकतीवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. डोकं हलवून क्रॉस स्थिर होईपर्यंत फिरवा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या रायफलीवर ५०चा ठिपका छापलेल्या ६०जवळ आहे.

तुमचा दुसरा, ४-१६×४४, या हिशोबात बसतो. मला त्यात एकच गोष्ट खटकते, फर्स्ट फोकल प्लेन. या प्रकारात पॉवर वाढवली की क्रॉसही टार्गेटबरोबर मोठा होतो, त्यामुळे क्रॉसवरच्या खुणांचं माप प्रत्येक पॉवरला खरं राहतं. अंतर अंदाजाने काढून, खुणेवर धरून मारणाऱ्यांना हे वरदान आहे. सेकंड फोकल प्लेनमध्ये क्रॉस कायम तेवढाच दिसतो आणि खुणा एकाच पॉवरला, सहसा सर्वात मोठ्या, बरोबर ठरतात. निम्म्या पॉवरला आणल्या तर दुप्पट माप दाखवतात. तुमची अंतरं दोनच आणि दोन्ही मोजलेली. खुणांवर धरायची तुम्हाला गरजच पडणार नाही. उलट फर्स्ट फोकल प्लेनचा क्रॉस ४ पॉवरला कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक होतो. थकलेल्या डोळ्याला तो शोधावा लागतो. आणि वर म्हटलं तसं, तेही फिचर कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढूनच आलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर तुमच्या यादीबाहेरचं आहे: ४-१२×४०, सेकंड फोकल प्लेन, पॅरॅलॅक्स फिरवता येणारा, दिवा नसलेला. १२ला उजेडाची चकती ३.३ मिलिमीटर. ५०ला पुरून उरतो, १००ला भागतो. तो मिळाला नाही तर ४-१६×४४च घ्या, पण सेकंड फोकल प्लेनमध्ये. ६-२४ नको.

५० मिलिमीटरच्या भिंगाबद्दल एवढंच, की ते नळीला खूप वर उचलतं. स्कोप रायफलीवर धरणाऱ्या रिंगा उंच लागतात, गाल दस्त्यावरून सुटतो आणि हनुवटीवर तोल सांभाळत बसावं लागतं. नळी ३० मिलिमीटरची असली की उजेड जास्त येतो, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. जाड नळीमुळे आतल्या नळीला हलायला जागा, म्हणजे वर-खाली करायला पल्ला जास्त मिळतो. तुमच्या अंतरांना एक इंची नळी पुरते. ५०ला झीरो केलेली, म्हणजे तिथे नेमावरच गोळी पडेल अशी जुळवलेली, पॉइंट टू-टू १०० मीटरवर साधारण वीतभर खाली पडते, तेवढं कुठलाही धड स्कोप भरून काढतो.

खोक्यावरच्या शब्दांत 'फुली मल्टिकोटेड' हा एक शब्द शोधा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला, आणि तो आत भटकून चित्र धुरकट करतो ते वेगळंच. परावर्तन रोखणारा लेप झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला, त्यामुळे आज 'कोटेड' म्हणण्यात काही विशेष नाही. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्या भिंगाला एक थर, 'मल्टिकोटेड' म्हणजे काहींना अनेक थर, 'फुली' म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांना. तरीही नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं निघू शकतं. म्हणून दुकानदाराला विनंती करून सुटा स्कोप दारात नेऊन बघा, जमल्यास दिवे लागायच्या वेळी. सावलीतली जागा बघा, काळ्या तारेच्या किंवा छपराच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का बघा, चित्राच्या कडा मधल्या भागाच्या मानाने किती पुसट होतात ते बघा. सूर्याकडे चुकूनही नाही.

टरेट आणि क्रॉस यांचं माप एकच असावं, एवढी एक अट घाला. क्रॉसवर मिलच्या (मिनिटासारखंच कोनाचं दुसरं माप) खुणा आणि टरेट मिनिटात, अशी जोडी अजूनही विकली जाते आणि आयुष्यभर गुणाकार करायला लावते. पाव मिनिटाचा एक क्लिक, म्हणजे टरेटचा एक टप्पा, ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरहून किंचित जास्त, ०.१ मिलचा बरोबर ५ मिलिमीटर. कागदासाठी मी पाव मिनिट घेईन. टरेटला टोपण असलेलं बरं, पिशवीतून काढता-घालता झीरो फिरत नाही.

भाच्याच्या एअर रायफलीबद्दल: नको. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे जाऊन आदळतो, त्यामुळे आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका बसतो. साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी भक्कम असतात, पुढच्यासाठी नसतात. मोठ्या बोअरवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप अशा 'खेळण्यातल्या' रायफलीवर क्रॉस तुटून किंवा भिंग निसटून गेलेला मी पाहिला आहे. तिच्यासाठी एअरगनचा म्हणून लिहिलेला वेगळा स्कोप घेऊ द्या. शिवाय दर वेळी काढ-घाल केली की दर वेळी झीरो करण्यात गोळ्या जाणार.

बजेटमधून थोडे पैसे रिंगांसाठी आधीच बाजूला काढा. इथे दात कोरून पोट भरत नाही. तुमच्या रायफलीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे की पिकॅटिनी रेल, हे आधी बघा. एकाच्या रिंगा दुसऱ्याला बसत नाहीत. माझ्या त्याच २४ पॉवरच्या स्कोपचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे घोळके, एकदा रोज थोडे डावीकडे सरकू लागले. तीन आठवडे मी स्कोपला, गोळ्यांना, वाऱ्याला, शेवटी बायकोच्या चहालाही दोष दिला. निघालं काय, तर रिंगेचे स्क्रू मी हाताच्या अंदाजाने आवळले होते. एका बाजूचे इतके घट्ट की नळीवर वळ उठला होता, दुसऱ्या बाजूचे सैल. आता टॉर्क रेंच वापरतो. रिंगवाल्याने दिलेला आकडा पाळायचा. तो बहुधा १५ ते २० इंच-पाउंडांच्या घरात असतो, म्हणजे हाताला वाटतो त्याहून बराच कमी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून.

स्कोप हाती आला की परत करायची मुदत संपायच्या आत एक परीक्षा घ्या. ५० मीटरवर मोठा कोरा कागद, खाली डाव्या बाजूला एक काळा ठिपका. नेम पूर्ण वेळ त्याच ठिपक्यावर. तीन गोळ्या. मग ४० क्लिक वर, तीन गोळ्या. ४० उजवीकडे, तीन. ४० खाली, तीन. ४० डावीकडे, आणि शेवटच्या तीन. पाव मिनिटाचे क्लिक असतील तर चौकोनाची प्रत्येक बाजू साडेचौदा सेंटिमीटर भरायला हवी आणि पाचवा ग्रुप पहिल्याच्या अंगावर पडायला हवा. बाजू पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर तो तुमचा हात असेल, सोडून द्या. पाचवा ग्रुप पहिल्यापासून सरळ वेगळा पडला, तर एकदा पुन्हा करून बघा आणि तेच झालं तर बिल घेऊन दुकान गाठा. मग ४ पॉवरला एक ग्रुप, १२ला एक. दोन्ही एका जागी पडायला हवेत.

बसवायचा क्रम असा. आधी मागच्या कडेची फोकसची रिंग: कोऱ्या भिंतीकडे बघून, क्रॉस पहिल्या क्षणी स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. टक लावून बघितलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग स्कोप रिंगांत सैल ठेवा, पॉवर १२वर न्या, कारण डोळा आणि स्कोप यांतलं अंतर तिथे सर्वात कमी असतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळा उघडा. चित्र कडेपर्यंत भरलेलं दिसायला हवं, नाहीतर स्कोप पुढे-मागे सरकवा. तुम्हाला हे अंतर ८५-९० मिलिमीटरच्या आसपास असलेला स्कोप लागेल, कारण त्यातला थोडा भाग चष्म्याच्या काचेतच जातो. आणि हे सगळं करताना रेंजवर वापरता तोच चष्मा डोळ्यांवर असू द्या.